‘टेक’ म्हणजे केवळ ‘घेणे’ नव्हे

इयत्ता पाचवीतील एका मुलाने इंग्रजीच्या वहीत ‘आय गेव्ह द एक्झॅम’ असे वाक्य लिहिले. गुरुजींनी त्यावर लाल रेघ ओढून शेजारी ‘टुक’ असा शब्द लिहिला. मुलगा बुचकळ्यात पडला. परीक्षा तर आपण दिली. घेतली ती गुरुजींनी! मराठीच्या दृष्टीने त्याचा विचार अगदी बिनचूक होता. इंग्रजीत मात्र विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो. देवघेवीची दिशाच येथे उलटली आहे. हे न उलगडता नुसती रेघ ओढली, तर मुलाच्या मनात इंग्रजीची धास्ती तेवढी उरते.

चुकीचे मूळ वहीत नसून फळ्यावर असते. महाराष्ट्रात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. त्या कोवळ्या वयात ‘टेक म्हणजे घेणे’ ही जोडी एकदा पाठ झाली की ती सहसा सुटत नाही. औषध घेणे, विश्रांती घेणे येथे ती जुळते. परंतु छायाचित्र आपण काढतो, तेथेही ‘टेक’च. धाकट्या भावास शाळेत नेणे, तेही ‘टेक’. पायातील बूट काढणे व विमानाने आकाशात झेपावणे या दोहोंस ‘टेक ऑफ’! कामाला वेळ लागतो, तेथे तर वाक्याची घडणच बदलते: मराठीत वेळ कर्ता, इंग्रजीत काम कर्ता. उलटपक्षी ‘जेवून घे’ यातील ‘घे’ला ‘टेक’ मुळीच चालत नाही.

हा शब्द मूळचा इंग्रजीचाही नव्हे. नॉर्स भाषेतील ‘टाका’ या क्रियापदापासून तो आला व त्याने जुन्या इंग्रजीतील ‘निमन’ या शब्दास मागे सारले. (मराठी ‘टाका’चा अर्थ नेमका विरुद्ध, हा योगायोग मोठा गमतीचा!) मुलांस हे सांगण्याचे कारण नाही, शिक्षकास ठाऊक असलेले बरे.

सुट्या शब्दाऐवजी संपूर्ण वाक्य कृतीसह द्यावे. खडू पुढे करून ‘टेक द चॉक’ म्हणावे. पुस्तक हाती देऊन ‘टेक इट टु मीना’ सांगावे व मुलास चालत जाऊ द्यावे. परीक्षेच्या वाक्यासाठी त्याच मुलास घटकाभर गुरुजी करावे. तो पाच शब्द विचारील, म्हणजे परीक्षा ‘गिव्ह’ करील. वर्ग पाटीवर उत्तरे लिहील, म्हणजे ती ‘टेक’ करील. मग दोन्ही वाक्ये त्यानेच फळ्यावर लिहावीत.