पाठीला कोणती गादी मानवते?

दिवसभर वाकून खुरपणी केली, की रात्री कंबर धरते. मग कोणी म्हणतं, "फळीवर निजा." कोणी म्हणतं, "मऊ फोम आणा." खरे काय, ते पाहू या.

निजताना कण्याला सगळीकडे टेकू हवा. फार मऊ गादीत कंबर खाली जाते. नुसत्या फळीवर कंबरेखाली पोकळी राहते. स्पेन देशात कंबरदुखीच्या 313 माणसांना 90 दिवस गाद्या देऊन पाहिल्या; तो अभ्यास 2003 साली छापून आला. काहींना टणक, काहींना मध्यम. मध्यम गादीवाल्यांचे दुखणे जास्त कमी झाले.

आता माल पाहा.

कापूस हवेशीर, पण दबून बसतो. पिंजून घेतला की पुन्हा फुगतो.

काथ्याची गादी टणक. तिच्यावर फोमचा पातळ थर घातला की मऊपणा येतो.

साधा फोम स्वस्त, पण हलक्या प्रतीचा लवकर दबतो.

मेमरी फोम अंगाचा आकार घेतो, पण उन्हाळ्यात उकडतं.

रबराचा लॅटेक्स फोम टिकाऊ, पण महाग.

कापसाला ऊन दाखवा. फोमला मात्र सावलीतच वारा द्या. उन्हाने तो खराब होतो.

बाजेला झोळ पडला असेल, तर आधी ती ताणून घ्या. झोळावर कसलीही गादी घाला, कंबर खालीच जाणार.

गादी घेताना तिच्यावर उताणे निजा. कंबरेखाली हात सरकवा. सहज आरपार गेला, तर गादी टणक. जाईचना, तर फार मऊ. जरा अडत गेला, तर ठीक.

आणि एक ध्यानात ठेवा. पाय बधिर पडला, पायातली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर गादी बदलत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.