रिपोर्टमध्ये ‘डी’ कमी आलंय?

मूल होत नाही म्हटलं की तपासण्या बायकोच्या सुरू होतात आणि नवरा फार तर ‘डी’ची गोळी सुरू करतो. वृषणातल्या पेशी आणि शुक्राणू या दोहोंना ड जीवनसत्त्वाची भाषा कळते, हे खरं. म्हणून कमतरता भरून काढावी. पण ते वंध्यत्वावरचं औषध नव्हे. डेन्मार्कमध्ये कमतरता असलेल्या ३३० पुरुषांवर चाचणी झाली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. जीवनसत्त्व देऊनही एकूण गटाच्या वीर्याचा दर्जा सुधारला नाही. तेव्हा क्रम असा ठेवा.

१. आधी वीर्यतपासणी. वर्षभर प्रयत्न करून गर्भ राहिला नसेल (पत्नी पस्तिशीपुढची असेल तर सहा महिने), तर दोघांनी एकाच वेळी तपासून घ्या. त्याआधी २ ते ७ दिवस वीर्यस्खलन टाळा. रिपोर्ट बिघडलेला आला तर तपासणी पुन्हा करा. एका नमुन्यावर निष्कर्ष काढू नका.

२. मग रक्त. ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ ही तपासणी सांगा. २० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या खाली आकडा आला तर सहसा कमतरता धरतात.

३. डोस डॉक्टरांकडूनच. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल बहुधा आठवड्यातून एकदा असते. ती रोज घेणं धोक्याचं: रक्तात कॅल्शियम वाढून मळमळ, बद्धकोष्ठ, सतत तहान असा त्रास होतो. मुतखडा झाला असेल तर आधीच सांगा. तेल-तूप असलेल्या जेवणानंतर घेतली की ती नीट शोषली जाते.

४. ऊन दुपारकडचं. कोवळ्या उन्हात लागणारे अतिनील-बी किरण फारच कमी असतात. साधारण ११ ते २ या वेळात हात-पाय उघडे ठेवून थोडा वेळ बसा, कातडी भाजेपर्यंत नको. काचेआडून येणारं ऊन उपयोगाचं नाही.

५. तीन महिने धीर धरा. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच महिने लागतात. तोवर तंबाखू-सिगारेट सोडा, आणि जिममध्ये कुणी टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन सुचवलं तर साफ नकार द्या. त्यानं शुक्राणू बनणंच थांबू शकतं.

तीन महिन्यांनी वीर्य पुन्हा तपासा. ‘डी’ भरून आलं आणि शुक्राणू तरीही कमीच असतील, तर गोळी वाढवू नका. मूत्ररोगतज्ज्ञांना गाठा. वृषणाजवळच्या फुगलेल्या शिरा किंवा संप्रेरकांचा बिघाड गोळीनं सापडत नाही.