कोजागिरीच्या माइकसाठी गाणी निवडताना

चि. सौ. छोटीस,


सोसायटीच्या कोजागिरीला यंदा फक्त बायकांचा कराओके ठेवायचा, आणि ज्या एरवी ‘माझा कुठला गं आवाज’ म्हणत मसाला दुधाच्या पातेल्यामागे उभ्या राहतात त्यांना माइकपर्यंत आणायचं, हा तुझा बेत फार आवडला. तू सोप्या गाण्यांची यादी मागितली आहेस. ती देतेच, पण या बायका नेमक्या अडतात कुठे, ते आधी बघ.

बहुतेकींचा आवाज चांगला असतो, ट्रॅकची पट्टी त्यांच्या गळ्याची नसते. बाजारात मिळणारे ट्रॅक सहसा मूळ गाण्याच्याच पट्टीत असतात, आणि मूळ गाणं लताबाईंचं असलं तर अंतऱ्यात तार सप्तकात बरंच वर जावं लागतं. न शिकलेला गळा सहज फिरतो तो सप्तकभर, फार तर दीड सप्तक. मग होतं काय, मुखडा झकास जातो, शेजारणी माना डोलावतात, आणि अंतऱ्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीला गळा आवळतो. आवाज फाटतो, कुणीतरी हसतं, आणि ती बाई पुन्हा कित्येक वर्षं माइकला हात लावत नाही.

कराओकेचा जन्म खरं तर याच्या अगदी उलट गोष्टीतून झाला. जपानमधल्या कोबे शहरात दाइसुके इनोउए हा वादक बारमध्ये गिऱ्हाइकांना साथ करत असे. एका छोट्या कंपनीच्या मालकाला त्याच्याच साथीवर नीट गाता येई. हा मालक सहलीला निघाला, इनोउएला जाता येईना, म्हणून त्याने त्या माणसाच्या आवाजाला जुळेल अशी साथ टेपवर भरून दिली. त्यातून 1971 मध्ये त्याने नाणं टाकून चालणारं यंत्र बनवलं. म्हणजे मुळात साथच गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे बेतलेली होती. आज सगळी बायामंडळी ट्रॅकला शरण जाते, ते मला पटत नाही.

एकाच सिनेमातली दोन गाणी घे. ‘गुड्डी’, 1971. संगीतकार वसंत देसाई, गीतकार गुलजार, आवाज वाणी जयराम यांचा. ‘बोले रे पपीहरा’ मियाँ मल्हारातलं. त्यातल्या हरकती आणि ताना तयार गळ्यालाच झेपतात. आणि ‘हमको मन की शक्ति देना’ ही शाळेतली प्रार्थना, सरळ ओळींची, मुलींनी एकत्र म्हणावी अशी. गायिका तीच, सिनेमा तोच, आणि एक गाणं नवशिक्या बाईला घाबरवतं तर दुसरं हात धरून नेतं. प्रार्थना निवडली म्हणून कुणी कमी ठरत नाही. ‘अंकुश’मधलं (1986) ‘इतनी शक्ति हमें देना दाता’ हेही असंच. ते सुषमा श्रेष्ठ आणि आपल्या पुष्पा पागधरे यांनी मिळून गायलंय, त्यामुळे दोन मैत्रिणींना वाटून देता येतं.

आता फसवी गाणी. कराओकेत बायका हमखास मागतात ते ‘लग जा गले’ (‘वह कौन थी’, 1964, मदन मोहन). संथ आहे म्हणून सोपं वाटतं. पण संथ गाण्यात सूर धरून ठेवावा लागतो, दम पुरवावा लागतो, आणि सूर जरा हलला तरी लपायला जागा नसते. श्रीनिवास खळ्यांची भावगीतंही तशीच, ऐकायला लोण्यासारखी आणि गायला महाकठीण. ‘शुक्रतारा’ हे द्वंद्वगीत आहे म्हणून अर्धं ओझं कमी, असं वाटेल. पण पहिल्यांदा उभं राहणाऱ्या बाईला ते देऊ नकोस.

त्याऐवजी ओ. पी. नय्यर शोध. त्यांनी लताबाईंचा आवाज कधीच घेतला नाही. त्यांची गाणी गीता दत्त, शमशाद बेगम आणि आशाबाईंच्या गळ्यांवर उभी आहेत. ठेका इतका ठसठशीत की नवखीचं बोट आपोआप ताल धरतं. ‘आर पार’मधली (1954) दोनच घे: गीता दत्तचं ‘बाबूजी धीरे चलना’ आणि शमशादचं ‘कभी आर कभी पार’. दोन्हींत बोलल्यासारखं गायचं आहे. त्याहून गमतीचं ‘मेरे पिया गए रंगून’, ‘पतंगा’मधलं (1949). सी. रामचंद्रांनी चाल दिली आणि शमशादबरोबर स्वतः गायलेही. टेलिफोनवरचं संभाषणच ते. लाजऱ्या बाईला गाण्यापेक्षा अभिनयात लपता येतं. लताबाईंचं हवंच असेल तर ‘अजीब दास्ताँ है ये’ (‘दिल अपना और प्रीत पराई’, 1960). चाल पुन्हा पुन्हा त्याच वळणावर येते, एकदा बसली की बसली.

जाड, खर्जातल्या आवाजाच्या बायका सगळ्यांत जास्त संकोचतात. त्यांना उषा उथुप यांची गोष्ट सांग. आवाज भारी म्हणून शाळेत गाण्याच्या वर्गातून बाहेर काढलं होतं, हे त्यांनी स्वतः मुलाखतींत सांगितलंय. त्याच आवाजावर त्या 1969 पासून गात आहेत आणि 2024 मध्ये त्यांना पद्मभूषण जाहीर झालं. तुझ्या इमारतीत असा आवाज असेल तर ‘अरमान’मधलं (1981) ‘रंभा हो’ तिच्यासाठी राखून ठेव.

मराठीत ‘नाच रे मोरा’ला मी पहिला मान देईन. ‘देवबाप्पा’ (1953), शब्द गदिमांचे, चाल पुलंची, आवाज आशाबाईंचा. लहान मुलांचं म्हणून कुणी नाक मुरडेल, मुरडू दे. ते सगळ्यांना पाठ असतं आणि समोरचे आपसूक साथ देतात. दुसरं ‘ऐरणीच्या देवा’, ‘साधी माणसं’मधलं (1965). खेबुडकरांच्या शब्दांना लताबाईंनीच ‘आनंदघन’ या नावाने चाल दिली. एवढ्या मोठ्या गायिकेने स्वतः चाल बांधताना ती किती साधी ठेवली, ते ऐकण्यासारखं आहे.

तालमीच्या दिवशी प्रत्येकीकडून आधी अंतऱ्यातली सगळ्यांत उंच ओळ म्हणवून घे, मुखडा नाही. तिथे मान वर होत असेल, भुवया चढत असतील, तर ट्रॅक उतरव. अर्ध्या सुराच्या दोन पायऱ्या उतरलीस की काळी चारचं गाणं काळी तीनमध्ये येतं, आणि तेवढ्यानेच पुष्कळ गळे मोकळे होतात. मग मुखडा म्हणायला लाव. खालचे सूर पुटपुटल्यासारखे झाले तर एक पायरी परत चढव. हे जुळलं की तिच्या नावापुढे पट्टी लिहून ठेव, म्हणजे त्या रात्री शोधाशोध नको. पडद्यावर शब्द रोमन लिपीत येतात आणि डोळा तिथेच अडखळतो, म्हणून शब्द देवनागरीत मोठ्या अक्षरांत लिहून हातात दे. माइक मात्र हनुवटीजवळ धरायला सांग. लाजून तो छातीशी धरला की स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, मग जोर लावला जातो आणि सूर चढतो.

आणि एवढं कर: पहिल्या तासात जिला खरंच गाता येतं तिला उभी करू नकोस. तिचं गाणं शेवटी ठेव. तिच्यानंतर माइक हातात घ्यायला या बायका धजणार नाहीत.

तुझी,
मावशी