शेताची माहिती : नोंदवावी, पण जपावी

शेताची माहिती हेही शेतकऱ्याचे धन होय. पूर्वी ती सातबाऱ्यावर व घरच्या वहीत असे. आता ती मोबाइलमध्ये साठते. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकरी स्वतः पिकाचे छायाचित्र काढून नोंद करू लागला. पुढे अ‍ॅग्रिस्टॅक योजनेत शेतकरी ओळख क्रमांक आला. तो आधारशी व जमिनीच्या नोंदीशी जोडलेला आहे. पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई यांसाठी या नोंदी उपयोगी पडतात. भीतीपोटी त्या टाळणे हिताचे नाही.

तथापि धोका कोठे आहे, हे ओळखावे. सातबारा कोणासही पाहता येतो. परंतु गट क्रमांक, पीक, आधार व बँक खाते ही सर्व माहिती एका हाती गेली म्हणजे स्थिती पालटते. कांदा केव्हा निघणार व कर्जाचा हप्ता केव्हा भरावयाचा, हे ज्या खरेदीदारास आधीच ठाऊक असते, तो अडवून भाव पाडू शकतो. ठगासही योजनेचे नाव सांगून विश्वास संपादन करणे सोपे जाते.

यास्तव पुढील दक्षता घ्यावी :

१. फोनवर कोणासही ओटीपी सांगू नये. नोंदणी केंद्रावर संदेश वाचून, आपल्या समक्षच तो वापरू द्यावा.
२. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल उघडू नये.
३. चालत असेल तेथे आधारचे शेवटचे चारच अंक दिसणारी प्रत द्यावी.
४. हवामानाचा सल्ला देणाऱ्या अ‍ॅपला संपर्कयादीची गरज नसते. ती परवानगी नाकारावी.
५. पैशांची फसवणूक झाल्यास विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियमात, संमती कोणत्या कामासाठी घेतली जात आहे हे सांगणे आणि ती मागे घेण्याची सोय ठेवणे, ही तत्त्वे आहेत. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू व्हावयाच्या आहेत.

ग्रामकार्यकर्त्यांवर येथे विशेष जबाबदारी आहे. अनेक शेतकरी विश्वासाने आपली कागदपत्रे त्यांच्या हाती देतात. काम होताच ती छायाचित्रे स्वतःच्या मोबाइलमधून काढून टाकावीत, आणि खाते क्रमांकांच्या याद्या गावाच्या गटावर कधीही पाठवू नयेत. विश्वास राहिला तरच शेतकरी खरी नोंद करील, आणि खऱ्या नोंदीवरच योजनेचे यश अवलंबून आहे.