तैवानमध्ये प्रवेश : शिक्के स्वस्त, दिवस महाग

कोलकात्याच्या टांगऱ्यात किंवा आपल्या माझगावात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या चिनी कुटुंबातल्या मुलाला तैवानच्या विद्यापीठात शिकायचं असेल, तर दोन वाटा असतात. एक परदेशी विद्यार्थ्याची, दुसरी परदेशस्थ चिनी विद्यार्थ्याची. दुसरीने गेलं तर फी साधारण तिथल्या मुलांइतकीच पडते. पहिलीने गेलं तर सरकारी विद्यापीठातही खासगीचा दर मोजावा लागतो. चार वर्षांत हा फरक चांगलाच जाणवतो, म्हणून कागदांची खटपट करायची. (वंशाने चिनी नसलेल्यांना पहिलीच वाट.)

दुसऱ्या वाटेची अट अशी : जन्मापासून परदेशातच वास्तव्य, नाहीतर अलीकडची सलग ६ वर्षं परदेशात. वैद्यकीय, दंतवैद्यक आणि चिनी वैद्यकासाठी ८. शिवाय राहत्या देशातल्या कायम किंवा दीर्घ वास्तव्याचा कागद. चीन, हाँगकाँग आणि मकाऊ यांना इथे ‘परदेश’ धरत नाहीत. तैवानी व्यापाऱ्याच्या मुलाने शांघायमध्ये काढलेली वर्षं या हिशेबात शून्य.

खरी मेख ‘सलग’मध्ये आहे. जानेवारी ते डिसेंबर या कोणत्याही वर्षात तैवानमधला मुक्काम १२० दिवसांच्या वर जाता कामा नये. जून ते ऑगस्ट मूल तैपेईला आजीकडे राहिलं, ९२ दिवस गेले. चिनी नववर्षाला तीन आठवडे, झाले ११३. डिसेंबरात मामाच्या लग्नाला आठ दिवस, की १२१! भाषावर्ग, आदानप्रदान अशा काही मुक्कामांना नियमात सूट आहे, पण आजी आणि मामा त्यात बसत नाहीत. मग सहा वर्षांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून. तेच लग्न जानेवारीत असतं, तर दिवस पुढच्या वर्षाच्या खात्यात पडले असते. तिकीट काढण्याआधी पासपोर्टवरचे शिक्के मोजा, आणि ११०च्या पुढे जाऊच नका.

शिक्के पुसट असतील तर तैवानच्या इमिग्रेशन खात्याकडून ये-जा केल्याच्या तारखांचा दाखला घ्या. एका प्रतीला १०० तैवानी डॉलर, म्हणजे तीनशे रुपयांच्या आतबाहेर. सगळ्या खटाटोपात सर्वांत कामाचा आणि जवळजवळ सर्वांत स्वस्त कागद हाच.

भारतातले दाखले मात्र पायऱ्या चढत जातात : आधी राज्य सरकार, मग परराष्ट्र मंत्रालय, शेवटी तैवानची कचेरी. ही कचेरी ऑक्टोबर २०२४पासून मुंबईतही आहे, त्यामुळे दिल्ली-चेन्नईची वारी वाचते. तैवान हेग करारात नसल्याने ५० रुपयांचं अपोस्टील इथे चालत नाही; मंत्रालयाचं साधं साक्षांकन लागतं. एजंट ‘अपोस्टील करून देतो’ म्हणाला, तर त्याला हात जोडा. तैवानच्या परदेशी कचेऱ्यांचा साक्षांकनाचा सर्वसाधारण दर कागदामागे १५ अमेरिकी डॉलर, तातडीचं हवं असेल तर त्यावर निम्मे आणखी. भाषांतराचे पैसे वेगळे, आणि पानं वाढली की तेच जास्त होतात.

अर्ज जातो तिथल्या परदेशस्थांच्या संयुक्त प्रवेश समितीकडे, पण परदेशस्थ चिनी विद्यार्थ्याचा दर्जा ठरवतं परदेशस्थ समाजाचं सरकारी खातं. विद्यापीठातल्या कुणी ‘चालेल’ म्हटलं तरी त्यावर विसंबू नका. आणि एकदा या दर्जावर तिथे शिकलात, की पुढे परदेशी विद्यार्थी म्हणून अर्ज करता येत नाही. एम.ए.च्या वेळी परदेशी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीवर डोळा असेल, तर हे आधीच घरात बोलून घ्या.