क्रियापद आणि त्याचा जोडीदार

इंग्रजीतल्या एका इवल्याशा शब्दामुळे माझ्या मित्राची मॅच हुकली. चूक माझी होती, म्हणून हा धडा मीच लिहितो आहे.

मागच्या सत्रात क्रिकेटच्या सरावाला मी यष्ट्यांजवळ उभा होतो. मित्राने सीमारेषेवरून चेंडू फेकला. माझे लक्ष दुसरीकडे होते. चेंडू भुवईवर लागला आणि एम. आय. रूममध्ये तीन टाके पडले. संध्याकाळी माझ्याकडून लेखी स्टेटमेंट घेतले गेले. मी लिहिले, ‘ही थ्रू द बॉल ॲट मी.’ मला म्हणायचे होते, ‘त्याने चेंडू माझ्याकडे फेकला.’ वाचणाऱ्याला अर्थ लागला, ‘त्याने मला चेंडू फेकून मारला.’ शनिवारच्या मॅचमधून मित्राचे नाव निघाले आणि रविवारचे आउटिंगही गेले. रविवारी तो माझ्या पलंगाशी आला आणि एवढेच म्हणाला, “मी मुद्दाम मारला का रे?”

तेव्हा मला काही कळेना. मी इंग्रजीच्या मॅडमना विचारले. त्यांनी उलट मलाच विचारले, “तू ‘ॲट’ का लिहिलेस?” मी म्हणालो, “मॅडम, ‘लुक ॲट मी’ म्हणजे ‘माझ्याकडे बघ’. मग ‘माझ्याकडे फेक’ म्हणजे ‘थ्रो ॲट मी’.” मॅडम म्हणाल्या, “चूक इथेच झाली. ‘कडे’चे इंग्रजी शोधू नकोस. क्रियापद कोणते आहे ते बघ.”

‘ॲट’ आणि ‘टू’

‘ॲट’मध्ये बऱ्याचदा नेम असतो. फायरिंग रेंजवर आपण ‘एम ॲट द टार्गेट’ म्हणतो. ‘लुक ॲट’मध्ये नजरेचा नेम असतो, ‘लाफ ॲट’मध्ये हसण्याचा. ‘टू’मध्ये समोरचा माणूस घेणारा असतो. ‘थ्रो द बॉल टू मी’ म्हणजे मी झेलणार आहे. ‘थ्रो द बॉल ॲट मी’ म्हणजे मीच टार्गेट आहे. तसेच ‘ही शाउटेड टू मी’ म्हणजे त्याने मला ऐकू जावे म्हणून हाक मारली, आणि ‘ही शाउटेड ॲट मी’ म्हणजे तो माझ्यावर ओरडला.

मराठीतही जोड्या आहेत

आपल्याला वाटते, इंग्रजीच विचित्र आहे. पण मराठीत आपण ‘माझ्याशी’ भांडतो, ‘माझ्यावर’ रागावतो, ‘मला’ विचारतो आणि ‘माझी’ वाट बघतो. हे कोणी पाठ करून घेतले नाही, घरात ऐकून आले. माझ्या शेजारच्या पलंगावरचा हिंदी बोलणारा कॅडेट मराठी शिकतो आहे. तो म्हणतो, “मी सरांशी विचारलं.” कारण हिंदीत ‘सर से पूछा’ असे म्हणतात. आम्ही हसतो. पण मी ‘ॲट’ लिहिले तेव्हा हेच केले होते.

फरक एवढाच, की मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्यय नामाच्या मागून जोडले जाते, इंग्रजीत प्रिपोझिशन नामाच्या आधी सुटे येते. ते कोणते यायचे हे मात्र पुष्कळदा क्रियापदच ठरवते.

‘शी’ म्हणजे नेहमी ‘विथ’ नव्हे

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात लढताना धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. मराठीत आपण लिहितो, ‘ते जर्मनांशी लढले.’ याचे कोणी ‘ही फॉट विथ द जर्मन्स’ केले, तर वाचणारा विचारू शकतो, ‘जर्मनांच्या बाजूने की त्यांच्याविरुद्ध?’ कारण इंग्रजीत ‘फाइट विथ’चे दोन्ही अर्थ होतात. म्हणून शंका नको असेल तिथे ‘फॉट अगेन्स्ट द जर्मन्स’ लिहावे. ज्यासाठी लढलो त्याला ‘फॉर’ लावावे. अशा शूर माणसाविषयी लिहिताना तरी आपल्या चुकीने बाजू बदलायला नको.

ज्यांना जोडीदार लागत नाही

काही क्रियापदे एकटीच चालतात. ‘डिस्कस अबाउट द प्लॅन’ चूक, ‘डिस्कस द प्लॅन’ बरोबर. आपण झेंड्याला सलामी देतो, पण इंग्रजीत ‘सल्यूट द फ्लॅग’, मध्ये ‘टू’ नाही. ‘तिने डॉक्टरशी लग्न केले’ म्हणजे ‘शी मॅरीड अ डॉक्टर’. ‘रीच’लाही ‘टू’ नको. मात्र ‘डिस्कशन’ हे नाम झाले, की त्याला ‘अबाउट’ किंवा ‘ऑन’ चालते. आपली गल्लत तिथूनही होते.

महादेवपुऱ्यातला अभ्यास

दिवाळीच्या सुट्टीत मी बेंगळुरूला महादेवपुऱ्यात घरी होतो. पहिल्याच दिवशी स्टेशनवरून आईला फोन केला, “आय रीच्ड टू के. आर. पुरम.” म्हणजे धडा अजून पुरता मुरला नव्हता!

आमच्या इमारतीत मराठी, कन्नड, तेलुगू, हिंदी सगळे आहेत आणि एकमेकांशी इंग्रजी बोलतात. शेजारच्या काकूंनी आईला विचारले, “आर यू अँग्री ऑन मी?” आईला त्यात काहीच खटकले नाही. कन्नडमध्ये ‘नन्न मेले कोपाना?’ म्हणतात, आपण ‘माझ्यावर रागावलात का?’ म्हणतो. ‘मेले’ म्हणजे ‘वर’, म्हणून दोघींचे ‘ऑन’ जुळले. इंग्रजीत ते ‘अँग्री विथ मी’ हवे. घरात अशा चुकीने काही बिघडत नाही, कारण समोरच्याचा चेहरा दिसतो. कागदावर चेहरा नसतो. स्टेटमेंटमध्ये, अर्जात किंवा परीक्षेत तो छोटा शब्दच आपल्या वतीने बोलतो.

मी कसा अभ्यास करतो

१. वहीत नुसते ‘वेट’ लिहीत नाही, ‘वेट फॉर’ असे जोडीने लिहितो. आपल्या ‘बडी पेअर’सारखे, एकाला हाक मारली की दुसऱ्यानेही हजर व्हायचे.
२. प्रत्येक जोडीचे एक वाक्य आपल्या दिनक्रमातले करतो.
३. शंका आली तर शब्दकोशात प्रिपोझिशन शोधत नाही. क्रियापद काढतो आणि उदाहरणाची वाक्ये वाचतो.
४. रोज तीनच जोड्या. जास्त केल्या की घोळ होतो.

सराव

इंग्रजीत सांगा: (१) मी बसची वाट पाहतो. (२) तो मला हसला. (३) माझ्या प्रश्नाला उत्तर दे. (४) ते तापाने वारले. ते देशासाठी मरण पावले. (५) ड्युटी ऑफिसरकडे हजर हो. ड्युटीवर हजर हो. (६) यश सरावावर अवलंबून असते.

उत्तरे: (१) वेट फॉर. (२) लाफ ॲट. (३) आन्सर माय क्वेश्चन, मध्ये काही नाही. (४) डाय ऑफ, डाय फॉर. (५) रिपोर्ट टू; रिपोर्ट फॉर. (६) डिपेंड ऑन. इथे ‘वर’ आणि ‘ऑन’ जुळले. कधीकधी जुळतात, म्हणूनच आपण फसतो.

त्या रविवारी मॅडमकडून उठलो तो थेट हाउस मास्टर सरांकडे गेलो आणि नवे स्टेटमेंट लिहून दिले, ‘ही थ्रू द बॉल टू मी. आय वॉज नॉट लुकिंग.’ सरांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि मित्राची उरलेली शिक्षा रद्द केली. मॅच मात्र होऊन गेली होती. मित्र आता बोलतो. फक्त चेंडू फेकण्याआधी दरवेळी ओरडून विचारतो, “टू की ॲट?” मी दोन्ही हात पुढे करून सांगतो, “टू!”