पकड : पेन्सिलीची, विळ्याची आणि पिस्तुलाची



शीर्षक वाचून दचकू नका. प्राथमिकच्या बाई पिस्तुलावर कशाला लिहितायत, असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्या शहापूर-मुरबाडच्या गावांत पहाटे रस्त्यावर धावणारी पोरं-पोरी तुम्हीही रोज बघता. कुणाला पोलीस भरती, कुणाला सैन्य भरती. त्यांतली काही निवडली जातात आणि एक दिवस त्यांच्या हातात खरं शस्त्र येतं. हात मात्र तेच असतात, ज्यांना आपण पहिलीत पेन्सिल धरायला शिकवलेलं असतं.

दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी पेढे घेऊन आला. पहिलीला माझ्याच वर्गात होता, आता पोलीस प्रशिक्षण घेतोय. त्याच्या डाव्या अंगठ्याच्या सांध्याजवळ टाक्यांची ताजी खूण दिसली. कापणीचे दिवस, म्हणून मी विचारलं, "विळा लागला का रे?"

तो म्हणाला, "नाही बाई, पिस्तूल लागलं."

गोळी नव्हे, पिस्तूलच लागलं होतं. त्याहून वाईट गोष्ट त्याने नंतर सांगितली. ओरडा बसेल म्हणून त्याने दिवसभर हाताला रुमाल गुंडाळून ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी अंगठा सुजला, तेव्हा कुठे दवाखाना.

मी त्याच्या हातात डस्टर दिला आणि म्हटलं, "दाखव, कसं धरलं होतंस?" त्याने दाखवलं आणि मला त्याची पहिलीतली पेन्सिल आठवली.

नेमकं काय होतं?

ऑटोमॅटिक म्हणतात त्या पिस्तुलाचा वरचा लोखंडी भाग सरकता असतो. त्याला स्लाईड म्हणतात. गोळी सुटली की ही स्लाईड जोरात मागे येते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे जाताना नवी गोळी नळीत भरते. हे सगळं डोळ्याची पापणी लवण्याआत होतं. स्लाईडच्या मागच्या वाटेत जे येईल त्याला ती ठोकते. मग ते मांस असो की हाड.

नवखा माणूस दोन्ही हातांनी पिस्तूल धरताना डावा अंगठा उजव्या हाताच्या मागून आडवा टाकतो. आपण काठी किंवा कुऱ्हाडीचा दांडा घट्ट धरतो ना, तसा. अंगठा नेमका स्लाईडच्या मागे येतो आणि कापला जातो. आमच्या पोराचं हेच झालं होतं.

दुसरी इजा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचक्याला होते. हात फार वर सरकला, तर बेचक्याची कातडी स्लाईडखाली किंवा मागे येणाऱ्या घोड्याखाली चिमटते. आपल्याकडे सैन्यात आणि पोलिसांत वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं ईशापूरच्या कारखान्याचं ९ मि.मी. पिस्तूल १९३५च्या ब्राउनिंग हाय-पॉवर या रचनेवर बेतलेलं आहे. त्या रचनेचा घोडा बेचक्याला चावतो, ही जगभरच्या नेमबाजांची जुनी तक्रार आहे.

बरोबर पकड कशी असते? (उजव्या हाताच्या माणसासाठी)

१. उजव्या हाताचा बेचका मुठीच्या मागच्या बाजूला, वर जी लहानशी शेपटी असते, तिच्या खाली घट्ट बसवायचा. शेपटीच्या वर कातडी येऊ द्यायची नाही.

२. डाव्या हाताची बोटं उजव्या हाताच्या बोटांवर पुढून गुंडाळायची.

३. दोन्ही अंगठे डाव्या बाजूलाच, एकावर एक, पुढे तोंड करून. एकही अंगठा मागून आडवा नाही.

४. मनगट ताठ, नळी आणि कोपरापुढचा हात एका रेषेत. मनगट सैल राहिलं तर झटका मनगटावर येतो आणि पिस्तूलही अडकू शकतं.

५. निशाणा धरेपर्यंत तर्जनी चापाच्या बाहेर, सरळ.

आता एक महत्त्वाचा फरक. रिव्हॉल्व्हरला स्लाईड नसते, फिरतं चक्र असतं. चक्र आणि नळी यांच्यामधल्या फटीतून गोळी सुटताना तापलेला वायू आणि बारीक कण बाजूला उडतात. पिस्तुलासाठी योग्य असलेला पुढे केलेला अंगठा इथे त्या फटीजवळ गेला, तर भाजतो. म्हणजे एका हत्याराची बरोबर पकड दुसऱ्याला चुकीची ठरते. आपल्या आयाबायांना हे सांगावं लागत नाही. विळ्याची पकड वेगळी, कोयत्याची वेगळी, खुरप्याची वेगळी, हे त्यांचा हातच जाणतो.

खेळातली नेमबाजी

कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्ण मिळवलं. २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्निल कुसाळे यांनी रायफल प्रकारात कांस्य आणलं. त्यामुळे आता पालकही विचारतात, "बाई, आमच्या पोरीला नेमबाजीला घालू का?" जरूर घाला, पण तिथल्या इजा वेगळ्या असतात हे माहीत असू द्या.

१० मीटर एअर पिस्तूल एकाच हाताने धरतात. त्याला मागे येणारी स्लाईड नसते, म्हणून अंगठा कापत नाही. पण त्याचं वजन दीड किलोपर्यंत असू शकतं आणि स्पर्धेत ७५ मिनिटांत ६० नेम धरायचे असतात. प्रत्येक वेळी हात खांद्याच्या उंचीपर्यंत उचलायचा. मूठ हाताच्या मापाची नसली किंवा मूल ती आवळून धरत असलं, की आधी बोटं थरथरतात, मग मनगट आणि कोपर दुखायला लागतं. मुलाने "हात दुखतो" म्हटलं की "अजून सराव कर" म्हणू नका. आधी मूठ मापाची आहे का, ते प्रशिक्षकाला विचारा.

वर्गात करून बघा

खेळण्यातली बंदूकसुद्धा लागत नाही. सातवी-आठवीच्या मुलांना डस्टर पिस्तुलाच्या मुठीसारखा उभा धरायला सांगा. त्यावर एक पट्टी आडवी ठेवा आणि हळूच मागे सरकवा. कुणाचा अंगठा पट्टीच्या वाटेत येतो? ज्याचा येतो, तो स्वतःच हसत अंगठा हलवतो. नववीला न्यूटनचा तिसरा नियम शिकवताना हाच डस्टर परत काढता येईल : गोळी पुढे, तर धक्का मागे.

खरं शस्त्र मात्र फक्त प्रशिक्षकासमोर, सराव मैदानावर. आपल्या कायद्याने शस्त्र परवान्यासाठी वयाची २१ वर्षं पूर्ण लागतात. शस्त्र रिकामं आहे असं कुणी सांगितलं, तरी ते भरलेलं आहे असंच समजायचं.

इजा झालीच, तर आधी बोट चापाबाहेर, नळी लक्ष्याकडेच, शस्त्र खाली आणि लगेच प्रशिक्षकाला सांगायचं. जखम स्वच्छ पाण्याने धुवायची, स्वच्छ कापडाने दाबून धरायची. चुना, मशेरी, हळद काही भरायचं नाही. जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवून धनुर्वाताच्या इंजेक्शनचं विचारायचं.

शेवटी माझी चूक

पहिलीत तो पोरगा पेन्सिलीवरून अंगठा आडवा टाकून मूठ आवळायचा. मी त्याच्या वहीत "अक्षर सुधार" असा शेरा मारत राहिले. त्याची बोटं हातात घेऊन एकदाही नीट बसवून दिली नाहीत. पेन्सिलीमुळे त्याचा अंगठा कापला, असं मी म्हणत नाही. पण अक्षर बघायचं, हात बघायचा नाही, ही सवय माझी होती. मैदानावरही बहुतेक जण गोळी कुठे लागली तेच बघतात.

आणि चुकलं तर लपवायचं, हे तो कुठे शिकला? आमच्याच वर्गांत. लाल शेरा दिसला की वही दप्तरात खोल ढकलणारी मुलं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत.

म्हणून उद्या वर्गात गेल्यावर पाच मिनिटं वही बाजूला ठेवा आणि फक्त मुलांचे हात बघा. ज्याची पकड चुकतेय त्याच्याजवळ बसा, त्याची बोटं धरून नीट करा. रागावू नका. उद्या कुठे लागलं, खुपलं, तर ते पोर रुमाल गुंडाळून गप्प बसणार नाही, आपल्याला येऊन सांगेल.